कोयता की कंपनी: उचल घेण्याआधी घरात बसून करायचा हिशेब

बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या किंवा पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोड करणाऱ्या घरात "औंदा कारखान्याला जायचं की पुण्याकडं बघायचं" हा विषय साधारण दसऱ्याला निघतो. तोवर उशीर झालेला असतो. ज्या दिवशी मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली, त्याच दिवशी निर्णय झाला. मग तो दिवस अक्षयतृतीयेनंतरचा असो की आषाढातला. दसऱ्याला फक्त ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा राहतो.

म्हणून हा हिशेब वैशाखात मांडायचा, कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं घरी आली की लगेच. तेव्हा गेल्या हंगामाचे आकडे डोक्यात ताजे असतात, शाळा सुरू व्हायला महिना-दीड महिना असतो आणि उचलीचे पैसे अजून हातात आलेले नसतात. बसताना घरातली सगळी मोठी माणसं हवीत. सून आणि सासू दोघी हव्याच, कारण फडात मोळी डोक्यावर घेणारी एक आणि मागे घर धरून बसणारी दुसरी. गडीमाणसांनी ओसरीवर ठरवायचं आणि बायांना आत येऊन सांगायचं, असं झालं की हिशेबातले अर्धे खर्च मांडायचे राहून जातात.

एक वही आणि मागच्या हंगामाच्या चिठ्ठ्या घ्या.

उसाचा हिशेब आधी, कारण तोच माहीत आहे असं वाटतं

कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीन वर्षांसाठी, आणि डोकीसेंटरचा, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्यांचा, दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. दर कळला की घरात लगेच गुणाकार होतो: रोज अडीच टन, चार महिने, म्हणजे लाखाच्या वर. या गुणाकारात दोन चुका असतात.

पहिली चूक टनांची. जोडी अडीच टन तोडते ते चांगल्या फडात. ऊस आडवा पडलेला असेल, खोडवा बारीक असेल, फड रस्त्यापासून लांब असेल, तर दीड-पावणेदोन टनांवर दिवस जातो. पाण्यातल्या फडात तर विचारूच नका. हंगामाची सरासरी दोन टनांच्या वर धरू नये.

दुसरी चूक दिवसांची. कारखाना ११० दिवस चालला म्हणजे तोड ११० दिवस झाली असं नाही. गाडी आली नाही, मिल बंद पडली, अवकाळी पाऊस झाला, फड बदलायला दिवस गेला, कुणाला ताप आला. ११० दिवसांत तोडीचे ९५ दिवस भरले तरी बरं म्हणायचं. शिवाय हंगाम किती चालेल हे पाऊसपाण्यावर आणि उसाच्या लागवडीवर. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि कित्येक कारखान्यांचा पट्टा फेब्रुवारी-मार्चमध्येच पडला. ज्यांनी पाच महिने धरून उचल घेतली होती त्यांच्या अंगावर बाकी आली. त्यात हार्वेस्टर वाढलेत. मोठे, सपाट, सलग फड यंत्राकडे जातात आणि अडचणीचे तुकडे कोयत्याकडे राहतात, म्हणजे टन आणखी कमी.

आता एक घर धरू. नवरा-बायको, आठ आणि चार वर्षांची दोन मुलं, म्हातारी आई, तीन एकर कोरडवाहू. आषाढात ८०,००० रुपये उचल घेतली.

तोड: ९५ दिवस, रोज दोन टन, म्हणजे १९० टन. दर ३६६. मजुरी ६९,५४० रुपये.

आठवड्याची खर्ची १,५०० रुपये, सोळा आठवडे, म्हणजे २४,००० रुपये. ही खर्ची मुकादम देतो आणि शेवटी कापतो.

६९,५४० मधून २४,००० गेले, राहिले ४५,५४०. उचल ८०,०००. बाकी निघाली ३४,४६० रुपये, आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाणार.

वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून रोजचे शंभरेक रुपये सुटतात. हंगामाचे आठेक हजार होतात, पण ते मीठ-मिरची, औषध आणि मोबाइलमध्ये जातात. आता याच जोडीने अडीच टनांनी १२० दिवस तोडलं असतं तर ३०० टनांचे १,०९,८०० झाले असते, आणि खर्ची-उचल फिटून ५,८०० रुपये हातात आले असते. म्हणजे ८०,००० उचल घेणारं घर सगळं नीट झालं तरी जेमतेम सुटतं आणि थोडं बिघडलं की पुढच्या वर्षालाही बांधलं जातं.

यातून उचलीची मर्यादा काढता येते. गेल्या तीन हंगामांपैकी सगळ्यात वाईट हंगामाचे तुमचे टन घ्या, दराने गुणा, खर्ची वजा करा. जो आकडा येईल त्याच्यावर उचल घ्यायची नाही. वरच्या घरासाठी तो ४५,००० आहे. मुकादम लाख देतो म्हणाला तरी ४५,०००. जादा उचल ही मजुरी नव्हे, पुढच्या वर्षीचं घर गहाण टाकून घेतलेलं कर्ज आहे. उचल वाढवून देणारा मुकादम चांगला, असा एक समज आहे. तो समज मुकादमांना फार उपयोगी पडतो.

टन मोजण्याची वही

बाकी चुकीची निघण्याचं सगळ्यात मोठं कारण दर नसतो, टनांची वाटणी असते. ट्रॅक्टरची खेप २० टनांची गेली, टोळीत १० कोयते होते, तर कोयत्याला दोन टन. पण त्या दिवशी दोन कोयते खाड्यावर (गैरहजर) असतील तर आठच धरायचे, प्रत्येकी अडीच टन. इथेच गफलत होते. खाड्याचे पाचशे-हजार रुपये तुमच्याकडून कापले जातात, आणि तुम्ही नसताना तोडलेला माल तुमच्या नावावर नसतो हे ठीकच. पण दुसऱ्याच्या खाड्याच्या दिवशी तुमच्या नावावर दोनच टन पडले असतील तर अर्धा टन कुठे गेला?

शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, फडमालकाचं नाव, गाडीचा नंबर, वजनपावतीवरचे टन, त्या दिवशी हजर कोयते, आपल्या वाट्याचे टन. वजनपावतीचा फोटो ट्रॅक्टरवाल्याकडून मोबाइलवर मागवून घ्यायचा. घेतलेली खर्ची त्याच वहीत शेवटच्या पानापासून उलटी लिहायची आणि दर पंधरवड्याला मुकादमाच्या डायरीशी ताळा घालायचा. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो, ते तुमच्या टनाच्या दरातून जात नाही. पट्टा पडल्यावर चार महिन्यांचा हिशेब एकदम करायला बसलात तर मुकादमाचीच डायरी खरी ठरते.

उचल घेताना कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करायची नाही, आणि मूळ आधारकार्ड, रेशनकार्ड, जमिनीचे कागद द्यायचे नाहीत. रक्कम, तारीख, दर आणि कारखान्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी दोघांच्या सहीने दोघांकडे. उचल फिटेपर्यंत माणसाला कोंडून ठेवणं, कामावरून जाऊ न देणं, बायकामुलांना अडकवून ठेवणं हा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ प्रमाणे गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची, आणि जिथे अडकवलं आहे तिथल्या जिल्ह्यात. आपल्या गावच्या तहसीलला अर्ज देऊन वाट बघत बसण्यात दिवस जातात.

शहराचा हिशेब

चाकण, रांजणगाव, वाळूज, भोसरी. इथे बारावी किंवा आयटीआय झालेल्या पोराला ठेकेदाराच्या मार्फत कंपनीत घेतात. कमी शिकलेल्याला हेल्पर, लोडिंग, सिक्युरिटी, नाहीतर बांधकाम. हातात १५,००० पडतात असं धरू. ओव्हरटाइम धरू नका, तो कधी असतो कधी नसतो.

गडी एकटा गेला तर चौघांच्या खोलीत वाट्याचं भाडं १,५००, खाणावळ ३,०००, येणंजाणं-मोबाइल १,०००, गावाकडची फेरी ५००. सहा हजार गेले, ९,००० घरी. बारा महिन्यांपैकी अकराच धरायचे, कारण पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. पहिला पैसा हातात यायला चाळीस दिवस लागतात. वर्षाचे ९९,०००.

सगळं घर गेलं तर खोली ४,५००, वीज ५००, किराणा-गॅस-दूध ७,०००, शाळा आणि येणंजाणं १,५००, दवाखाना ५००. चौदा हजार. पंधरातले हजार उरले. बाईला धुण्याभांड्याचं किंवा पॅकिंगचं काम लागलं, सात हजार धरू, तर महिन्याला ८,००० उरतात. पण ते काम लागायला दोन-तीन महिने जातात आणि चार वर्षांचं पोर कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न तसाच असतो. पहिल्या वर्षी वरखर्च वेगळा: डिपॉझिट १०,०००, भांडी-गॅस-गाद्या ८,०००, पगार होईपर्यंतची उधारी ७,०००. एकूण पंचवीस हजार.

आता तिन्ही वाटा एका पानावर मांडू. गावातलं रोजचं खाणंपिणं महिन्याला ४,००० आणि एकट्या आईचं १,५०० धरलं आहे. शेताचं उत्पन्न यात नाही.

जोडी उसाला, मुलं सोबत: उसाचे ६९,५४० आणि वाढ्यांचे ८,००० मिळून ७७,५४०. खर्ची २४,००० वजा. उरलेल्या आठ महिन्यांत गावात दोघांचे साठ-साठ दिवस मजुरीचे, ४०० आणि ३०० ने, ४२,००० जमा. आठ महिन्यांचं खाणं ३२,००० आणि चार महिन्यांचा आईचा खर्च ६,००० वजा. राहिले ५७,५४०.

गडी एकटा शहरात, बाकी घर गावात: ९९,००० आणि बाईची सत्तर दिवसांची मजुरी २१,०००. बारा महिन्यांचं खाणं ४८,००० वजा. राहिले ७२,०००.

सगळे शहरात, आई गावात: महिन्याचे ८,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे ८८,०००. आईला १८,००० आणि वरखर्च २५,००० वजा. पहिल्या वर्षी ४५,०००, दुसऱ्या वर्षापासून ७०,०००.

तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. पण ठेवण बहुतेक अशीच दिसते. एकट्याचं शहर उसापेक्षा चौदा-पंधरा हजारांनी सरस आणि सगळ्या घराचं शहर पहिल्या वर्षी सगळ्यात मागे. जे घर पहिल्याच जूनला कुलूप लावून निघतं ते दिवाळीपर्यंत परत येतं ते याच पंचवीस हजारांमुळे. परत येतं तेव्हा मुकादमाच्याच दारात उभं राहतं, आणि तेही हंगामाच्या तोंडावर, म्हणजे पडेल त्या दराने.

खरी अडचण: पैसा कधी येतो

कागदावर शहर सरस असूनही घरं उसालाच जातात. याचं कारण अडाणीपण नाही. उसात पैसा आधी येतो आणि काम मागून. शहरात काम आधी, पैसा मागून आणि तोही थोडाथोडा. ज्या घराला आषाढात बियाण्याला, लग्नाच्या देण्याला किंवा ऑपरेशनला पन्नास हजार एकरकमी हवेत, त्याला महिन्याचे नऊ हजार कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाहीत.

म्हणून "ऊस की शहर" विचारण्याआधी वहीत लिहायचं: या वर्षी एकरकमी किती लागणार, कोणत्या महिन्यात, आणि उचल सोडून ते कुठून येतील. बचत गटाचं कर्ज महिन्याला शेकडा एक-दोनने मिळतं, बँकेचं पीककर्ज त्याहून कितीतरी स्वस्त. गावातल्या सावकाराचं शेकडा तीन ते पाचने, महिन्याला. चाळीस हजार शेकडा पाचने घेतले तर वर्षाचं व्याज चोवीस हजार होतं. शहराचा वरचा सगळा फायदा त्यात जातो. अशा वेळी मर्यादेतली उचल घेऊन एक हंगाम जाणं सावकाराच्या कर्जापेक्षा बरं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आकडे तसेच आहेत.

मागची बाकी असेल तर प्रश्नच वेगळा. ३४,००० बाकी ठेवून शहरात गेलेल्या घराकडे मुकादम येतो, भावाकडे जातो, सासुरवाडीला जातो. आधी बाकी शून्य करायची. एका हंगामात होत नसेल तर दोन हंगाम नवी उचल न घेता फक्त खर्चीवर तोडायचं. त्याचा तोटा हा की हंगामाआधीचे चार महिने कोरडे जातात. तेवढे चार महिने कसे काढणार, एवढंच त्या घराने ठरवायचं असतं.

मुलं

शाळा जूनमध्ये सुरू होते, टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, माघारी येतात तोवर वर्ष संपत आलेलं असतं. सोबत नेलेल्या मुलाचं अर्धं वर्ष जातं. दोन वर्षं असं झालं की ते वर्गात बसायला लाजतं.

मागे ठेवायची सोय असेल तर ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना सांगा. स्थलांतरित होणाऱ्या मुलांची यादी तेव्हा होते आणि हंगामी वसतिगृह त्या यादीवर मंजूर होतं. निघायच्या दिवशी सांगितलं तर नाव बसत नाही. पाचवीपासून पुढच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तुमच्या तालुक्यात ते सुरू आहे का आणि जागा आहे का, हे जूनमध्येच बघा.

सोबत नेणार असाल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिल्याच आठवड्यात दाखवा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अडचण कायद्याची नसते, अंतराची असते: कोप्या (राहायच्या झोपड्या) फडाजवळ आणि शाळा तीन किलोमीटरवर. टोळी एकाच अड्ड्यावर राहते की फडाफडाला कोप्या हलतात, हे मुकादमाला आधीच विचारा. एका जागी राहणाऱ्या टोळीतली मुलं शाळेत टिकतात, हलणाऱ्या टोळीतली टिकत नाहीत.

आणि घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिचा विषय उघड बोला. म्हातारीच्या भरवशावर ठेवायची भीती, सोबत न्यायची भीती, म्हणून "लग्न करून टाकू" हा विचार निघतो. जोडी झाली की कोयताही वाढतो. असा निर्णय कुणी ठरवून घेत नाही, तो स्थलांतराच्या हिशेबातून मागच्या दाराने येतो. मुलगी दहावीच्या आत असेल तर त्या एका गोष्टीसाठी बाईने गावात राहून गड्याने एकट्याने बाहेर जाणं हीच वाट आधी तपासा, ती चार पैशांनी कमी पडली तरी.

बाईचं काम आणि तब्येत

फडात पहाटे चारला दिवस सुरू होतो. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. त्याच्या आधी आणि नंतर चूल, पाणी, पोरं. गरोदरपणी सातव्या महिन्याच्या पुढे मोळी उचलायची वेळ येणार असेल तर त्या वर्षी जोडीने जायचं नाही, गड्याने अर्ध्या कोयत्यावर जावं. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असलं तर कारखान्याकडच्या आशाताईंकडे आणि उपकेंद्रावर तपासण्या पुढे चालू राहतात.

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं यावर खासगीत कुणी "पिशवी काढून टाका" म्हटलं तर आधी जिल्हा रुग्णालयात दाखवा. खाडा पडू नये म्हणून पिशवी काढायची आणि तिच्यासाठी उचल वाढवायची, ही साखळी पुष्कळ घरांनी भोगली आहे. मोठ्या आजाराला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का, हे उधार घेण्याआधी विचारा.

शहरात बाईच्या वाट्याला वेगळं येतं: दहा बाय दहाची खोली, सामाईक संडास, ओळखीचं कुणी नाही. पण पैसा तिच्या हातात येतो. उसात जोडीचा हिशेब गड्याच्या नावावर लिहिला जातो. दोघींशी बोलल्याशिवाय यातलं कुठलं ओझं हलकं हे ठरवू नये.

कागदपत्रं: कुणीतरी गावात असावं लागतं

रेशन: एक देश एक रेशन कार्डमुळे धान्य कुठल्याही दुकानात अंगठा लावून मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, आणि सध्या मोफत. सगळं धान्य एकदम उचलायलाच हवं असं नाही, काही तिकडे आणि काही गावात घेता येतं. दरवेळी अडकतं ते ई-केवायसीवर. उसाने बोटं घासलेली असतात, ठसा उमटत नाही. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झालेली आहे का ते दुकानदाराकडून बघून घ्या, आधारला मोबाइल जोडा.

ई-पीक पाहणी: रब्बीची नोंद डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास शेतात उभं राहून मोबाइलवर करायची असते, म्हणजे नेमकी तुम्ही फडात असताना. नोंद नसली तर नुकसानभरपाई आणि विक्रीच्या वेळी अडतं. हे काम कुणाकडे, ते नाव घालून ठरवा. घरकुलाचा हप्ता मिळत असेल तरीही तसंच: बांधकामाचा टप्पा तपासायला माणूस आला आणि घर बंद असलं की पुढचा हप्ता लांबतो.

ऊसतोड करणाऱ्यांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) नोंद करून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्यावं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना त्यावर चालतात. बांधकामावर जाणाऱ्यांनी राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि नूतनीकरण दरवर्षी. नोंदणी करून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारे दलाल फिरतात. अर्जाची खरी फी एक रुपया आहे.

कंपनीत लागलेल्याने पहिल्या पगारानंतर दोन नंबर मागायचे: पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, क्रमांक. मूळ पगाराचे १२ टक्के पीएफला कापून जातात आणि तेवढेच मालक घालतो. ईएसआयसीला तुमचे पाऊण टक्का. पगारातून कापलं पण भरलं नाही, हे ठेकेदारीत नेहमीचं. पासबुकात दोन महिने नोंद दिसली नाही की पगारचिठ्ठ्या जपून ठेवून पीएफ कार्यालयात तक्रार करा. ठेकेदार सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतो, म्हणजे कामावरून थांबवतो, मग नव्या ठेकेदाराकडे नवा यूएएन काढला जातो आणि जुने पैसे अडकतात. जुनाच नंबर द्यायचा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि ती तुकड्यातुकड्यांची असली तरी एकाच नंबरवर असावी लागते. शहराकडच्या स्थलांतरातला उसापेक्षा खरा जास्तीचा पैसा हाच आहे, आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो.

घराला कुलूप लावण्याआधी एक वर्ष

शहर पटलं तरी पहिल्या वर्षी सगळ्यांनी जायचं नाही. एकाने जायचं, जूनच्या आधी. मे महिन्यात गेलं तर काम शोधायला महिना मिळतो आणि पेरणीला चार दिवस माघारी येता येतं. शेत त्या वर्षी स्वतःच करायचं, बटईने (पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला) द्यायचं नाही. बाई, मुलं, आई गावात. उचल घ्यायची नाही.

मार्गशीर्षात, म्हणजे सहा महिन्यांनी, चार गोष्टी तपासायच्या. सहापैकी निदान पाच महिने पैसे घरी आले का. ब्रेक मिळाल्यावर दुसरं काम महिन्याच्या आत लागलं का. यूएएनमध्ये भरणा दिसतो का. आणि गडी जिथे राहतो तिथे गावची, नात्यातली दोन तरी घरं आहेत का, कारण आजारपणात आणि डिपॉझिटला तीच उपयोगी पडतात. चारपैकी तीन हो असतील तर पुढच्या मे महिन्यात घर हलवायचा विचार करा, शाळेचा दाखला एप्रिलमध्ये मागा. दोन किंवा कमी असतील तर एकट्यानेच आणखी एक वर्ष.

घर हलवताना शेत बटईने द्यायचं, विकायचं नाही, आणि बटईचा करार एका वर्षाचा, लेखी. दारातली म्हैस आधी विकली जाते, ते चालेल. पण घराचं छप्पर, लाइटचं मीटर आणि मतदार यादीतलं नाव पहिली दोन वर्षं तसंच ठेवा. मीटर कापलं गेलं की परत जोडायला जास्त पैसे जातात, आणि पत्रे काढून नेलेल्या घरात दिवाळीला म्हातारी एकटी बसत नाही.

बटईचा कागद करताना एक ओळ घाला: खरिपाची ई-पीक पाहणी ऑगस्टमध्ये बटईदाराने शेतात उभं राहून करायची आणि झाल्याचा फोटो त्याच दिवशी तुमच्या मोबाइलवर पाठवायचा.